एक नाव, अनेक गंध

आमच्या डोंबिवलीच्या घरी गॅलरीत तुळशीच्या दोन कुंड्या शेजारी-शेजारी आहेत. एक कल्याणच्या बाजारातून आणलेली, दुसरी मुरबाडकडच्या मावशीच्या अंगणातल्या मंजिऱ्यांपासून उगवलेली. दोन्हींची पानं हिरवी, मंजिऱ्या सारख्या, आणि दोन्हींना रोज सकाळी एकाच तांब्यातलं पाणी. पान चुरगळून नाकाशी नेलं की मात्र दोघी वेगळ्या होतात. पहिलीला लवंगेचा झणका आहे. दुसरीचा वास सौम्य, गोडसर आणि जरा जड. आईला हा फरक माझ्या कितीतरी आधी कळला होता. काढ्यासाठी ती नेहमी पहिलीचीच पानं खुडायची; दुसरीला ती 'पूजेची' म्हणायची.

एका वैशाखात दुसऱ्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या आणि त्या कठड्यावरच राहून गेल्या. थोड्या वेळानं पाहतो तर त्यांवर पाच-सहा सडपातळ, पिवळ्या-तपकिरी माश्या बसलेल्या. घरात फिरणारी ही माशी नव्हे. पिकलेल्या आंब्यात जिच्या अळ्या निघतात ती ही फळमाशी. अंडी घालण्याची टोकदार नळी एकीच्याही शेपटाशी नव्हती, म्हणजे सगळे नर. शेजारच्या कुंडीतल्या तुळशीच्या मंजिऱ्याही त्याच दिवशी खुडल्या होत्या, तिकडे एकही फिरकला नव्हता. या पुस्तकाचं बीज त्या दुपारी पडलं.

लवंगेचा वास युजेनॉल नावाच्या द्रव्याचा असतो. तुळशीच्या पेशींमध्ये एक विकर असतं. ते युजेनॉलच्या रेणूला एक छोटासा मिथाइल गट जोडतं आणि त्यातून मिथाइल युजेनॉल तयार होतं. काही तुळशींमध्ये पहिलं द्रव्य साठतं, काहींमध्ये दुसरं. भारतात दोन्ही प्रकारच्या तुळशी आहेत. पान काळसर आहे की हिरवं यावरून हे ओळखता येत नाही, कारण पानाचा रंग वेगळ्याच द्रव्यांमुळे येतो. सब्जाच्या जातीवर काम करताना अमेरिकेतल्या डेव्हिड गँग, एरन पिचर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिलं की अशा विकराच्या लांबलचक साखळीतला एकच अमिनो आम्लाचा दुवा बदलला तरी ते कुठल्या रेणूला हात घालणार हे बदलतं. एक दुवा बदलला की रेणू बदलतो, रेणू बदलला की वास बदलतो, आणि वास बदलला की दारात येणारा पाहुणाही बदलतो.

त्या पाहुण्याची गोष्ट आपल्याच देशात उलगडली. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत एफ. एम. हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर झेपावतात, हे त्यांनी १९१२ साली लिहून ठेवलं. १९१५ पर्यंत ते मिथाइल युजेनॉलपर्यंत पोहोचले होते. पुढे मलेशिया आणि जपानमधल्या संशोधकांनी या ओढीचं कारण शोधलं. नर माशी हे द्रव्य खाते, शरीरात थोडं बदलते, साठवते आणि त्यातूनच मादीला बोलावणारा गंध तयार करते. म्हणजे मिथाइल युजेनॉलची तुळस फळमाशीच्या नराला लग्नाचं अत्तर पुरवते. कोकणातले आंबा बागायतदार हंगामात झाडाला जे सापळे टांगतात त्यांतही हेच द्रव्य असतं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा अनेकांनी पाहिलेला असेल. या औषधाची बाटली मिळत नव्हती तिथं शेतकऱ्यांनी तुळशीचा पाला ठेचूनही माश्या धरल्या आहेत. पण पाला कुठल्या तुळशीचा, यावर त्या सापळ्याचं यश अवलंबून होतं.

एकाच जातीच्या दोन रोपांची रसायनं वेगळी असतील, तर त्यांचं आजूबाजूच्या सजीवांशी असलेलं नातंही वेगळं होतं. या पुस्तकाचा विषय हाच आहे. अशा रासायनिक प्रकाराला शास्त्रज्ञ केमोटाइप म्हणतात. शाळेत आपण झाडाचं नाव शिकतो, मोठेपणी त्याचं शास्त्रीय नावही शिकतो आणि झाड ओळखल्याचं समाधान मानतो. त्या नावाखाली किती वेगवेगळ्या चवी आणि किती वेगवेगळे वास नांदतात, याची चौकशी सहसा कुणी करत नाही. कीटक, पक्षी, बुरशी आणि गुरं यांना मात्र त्या नावाशी कर्तव्य नसतं. त्यांचा व्यवहार समोरच्या एका झाडाशी, त्याच्या एका पानाशी असतो.

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या वाचकाशी 'रसायन' या शब्दावर बोलताना थोडं थांबावं लागतं. आमच्याकडे 'केमिकल' म्हटलं की एमआयडीसी डोळ्यांपुढे येते. २०१४ साली डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, आणि २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत स्फोटांनी घरांच्या काचा फुटल्या. रात्री खिडक्या लावून घ्यायला लावणारा उग्र दर्प आमच्या मुलांच्याही ओळखीचा आहे. त्यामुळे रसायन म्हणजे बाहेरून आलेलं आणि घातक, झाड म्हणजे शुद्ध आणि रसायनमुक्त, अशी समजूत इथं सहज मुरते. वस्तुस्थिती अशी आहे की पृथ्वीवरच्या सगळ्यात कुशल रसायनकारांत झाडं मोडतात. त्यांना पळता येत नाही आणि ओरडता येत नाही. शत्रूला हाकलणं, मित्राला बोलावणं, शेजाऱ्याला अडवणं, जखम बुजवणं ही सारी कामं त्यांना जागच्या जागी उभं राहून, रसायनांच्या भाषेत करावी लागतात.

ही समज विज्ञानातही उशिरा आली. एर्न्स्ट श्टाल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८८ साली गोगलगायींवर प्रयोग करून दाखवलं होतं की वनस्पतींमधली कडू, तुरट आणि टोचणारी द्रव्यं त्यांचं रक्षण करतात. तरी पुढची कित्येक दशकं ही द्रव्यं म्हणजे चयापचयातला टाकाऊ माल, असंच बहुतेकांचं मत राहिलं. १९५९ साली गॉटफ्रीड फ्रँकेल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात ठामपणे मांडलं की ही द्रव्यं झाडात असतात ती कीटकांशी असलेल्या व्यवहारासाठी. १९६४ साली पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी फुलपाखरं आणि त्यांच्या खाद्यवनस्पती एकमेकांना कशा घडवत गेल्या याची मांडणी केली. पण या सगळ्या चर्चेत तुलना होती जातीची जातीशी, म्हणजे रुईची कढीलिंबाशी किंवा मोहरीची काकडीशी. एकाच जातीच्या आत डोकावून पाहायला त्यानंतर सुरुवात झाली, आणि तिथं आणखी एक मोठं जग निघालं.

ते जग पाहायला आपल्याला दूर जायचं कारण नाही. आंब्यापासूनच सुरुवात करू. मुरबाड आणि शहापूरकडच्या गावांत आणि कल्याणच्या आसपास उरलेल्या वाड्यांत रायवळ आंब्याची जुनी झाडं अजून उभी आहेत. कोयीपासून उगवलेलं प्रत्येक झाड वेगळं असतं, आणि म्हणूनच कोकणातल्या माणसांनी या झाडांना एकेकटी नावं दिली. शेपूचा वास येतो तो शेप्या, ओल्या खोबऱ्याची आठवण देतो तो खोबऱ्या, साखरेसारखा गोड तो साखऱ्या. शिवाय केळ्या, शेंदऱ्या आणि गोटी आहेतच. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं ही सारी झाडं एकाच जातीची. ज्यांनी त्यांची फळं चोखली, त्यांनी मात्र हरेक झाडाची रासायनिक ओळख पटवून तिला नावही दिलं. केमोटाइप हा शब्द आपल्याकडे पोहोचण्याच्या खूप आधी ही यादी तयार होती.

प्रयोगशाळेनं नंतर तिला दुजोरा दिला. ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम काठावर, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घोलप आणि बंदोपाध्याय या संशोधकांनी १९७७ साली कैरीच्या हिरव्या वासाचा अभ्यास केला. हापूसच्या कैरीचा वास मुख्यतः ऑसिमिन या द्रव्याचा निघाला, तर बाटली नावाच्या वाणाचा मिर्सिनचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे काम पुढं नेलं आणि वेगवेगळ्या वाणांच्या गंधद्रव्यांवरून त्यांचे नातेसंबंध मांडले. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत तर आंब्याच्या चिकाचीच तपासणी झाली, आणि वाणागणिक चिकातली टर्पिनं निराळी असल्याचं १९९९ साली प्रसिद्ध झालं.

चिकाचा मुद्दा या पुस्तकासाठी महत्त्वाचा आहे. देठ तोडताना उडालेल्या चिकानं ओठ उतले नाहीत असं मूल आपल्याकडे विरळा. तो चीक आपल्यासाठी नाही. फळाच्या सालीत त्याच्या बारीक नळ्यांचं जाळं असतं. फळमाशीनं अंडी घालायला सालीला भोक पाडलं की नळी फुटते आणि आतला दाबाखालचा चीक अंड्यांवर येतो. हिरव्या, कच्च्या आंब्याला फळमाशीचा उपद्रव कमी का, याचं एक कारण इथं आहे. आता एकाच जातीच्या झाडांत हा चीक कमी-जास्त तिखट असेल आणि त्यातली द्रव्यं निरनिराळी असतील, तर शेजारी उभ्या असलेल्या दोन रायवळ झाडांचं माशीशी चाललेलं युद्ध एकसारखं असणार नाही.

अशा वेळी साहजिक प्रश्न पडतो. चांगलं संरक्षण देणारं रसायन एखाद्या झाडाला सापडलं, तर कालांतरानं सगळीच झाडं तशी का होत नाहीत? निसर्गनिवड सर्वोत्तम तेच ठेवते म्हणतात, मग इतके प्रकार उरतात कसे? माझ्या मते या संपूर्ण विषयाचा गाभा या प्रश्नात आहे, आणि त्याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर काकडीनं दिलं आहे.

काकडी चिरताना आपण तिचं देठाकडचं टोक कापतो, कापलेला तुकडा त्यावर घासून फेस काढतो, आणि तरीही आधी एक चकती खाऊन बघतो. कडूपणा क्युकरबिटॅसिन नावाच्या द्रव्यांचा. काही काकड्यांच्या वेलात ती तयार होतात, काहींत होत नाहीत, आणि यामागं एक जनुक असतो. डा कोस्टा आणि जोन्स या संशोधकांनी १९७१ साली कडू आणि गोड अशा दोन्ही प्रकारची काकडीची रोपं कीटकांपुढे ठेवली. कडू रोपांवर लाल कोळी ही रस शोषणारी कीड टिकत नव्हती, गोड रोपांवर ती फोफावली. पण काकडीवरच्या भुंगेऱ्यांनी कडू रोपंच खाऊन टाकली आणि गोड रोपांकडे पाठ फिरवली. या भुंगेऱ्यांच्या पूर्वजांनी कधीकाळी हे विष पचवलं होतं, आणि आता तोच कडवटपणा त्यांना 'जेवण इथं आहे' असं सांगतो. पावसाळ्यात आपल्याकडे भोपळा-काकडीच्या वेलांवर येणारे तांबडे भुंगेरे याच कुळातले.

म्हणजे एकच जनुक, एकच चव, आणि शत्रू दोन. एकासमोर ती चव ढाल होते, दुसऱ्यासमोर आमंत्रण. ज्या वर्षी कोळी जास्त, त्या वर्षी कडू वेल तरतो. ज्या वर्षी भुंगेरे जास्त, त्या वर्षी गोड वेल. कुठलाही एक प्रकार कायमचा जिंकत नाही आणि म्हणून कुठलाही एक प्रकार कायमचा संपत नाही. रानात ही विविधता टिकून राहते याचं एक महत्त्वाचं कारण हेच.

रानातलंच एक उदाहरण पाहू. दक्षिण फ्रान्समध्ये थाइम नावाचं एक झुडूप उगवतं. आपल्या ओव्याला ज्या थायमॉलमुळे वास येतो, ते त्यातही असतं, पण प्रत्येक झुडपात नाही. माँपेलिए शहराच्या उत्तरेला एका खोलगट भागात या एकाच जातीचे सहा रासायनिक प्रकार सापडतात. गोगलगायींपासून शेळ्यामेंढ्यांपर्यंत वेगवेगळ्या प्राण्यांपुढे हे प्रकार ठेवले, तेव्हा प्रत्येकाची नावड वेगळी निघाली. सगळ्यांना परतवून लावणारा प्रकार एकही नव्हता. तिथं हवामानाचाही हात आहे. थायमॉलसारखी फिनॉल असलेली झुडपं कडाक्याची थंडी सोसत नाहीत, म्हणून थंड हवा साचणाऱ्या तळाशी ती १९७० च्या दशकात नव्हती. साडेतीन दशकांनी जॉन थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी तिथंच पुन्हा मोजणी केली. मधल्या काळात कडक हिवाळे विरळ झाले होते आणि फिनॉलवाली झुडपं त्या तळात शिरली होती. जातीत विविधता आधीपासून होती, म्हणूनच हवामान बदललं तेव्हा त्या जातीपाशी त्याला द्यायला उत्तर होतं.

एका झाडाचं रसायन त्याच्यापुरतं राहत नाही, ही या पुस्तकातली दुसरी महत्त्वाची गोष्ट. लिंकन ब्राउअर यांनी १९६० च्या दशकात मोनार्क फुलपाखरांवर केलेलं काम इथं आठवतं. या फुलपाखरांच्या अळ्या रुईच्या कुळातल्या झाडांचा पाला खातात आणि त्यातली हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं अंगात साठवतात. फुलपाखरू खाल्लेला पक्षी ओकतो आणि पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. ब्राउअर यांना दिसलं की सगळी मोनार्क फुलपाखरं सारखी विषारी नसतात. अळी कुठल्या झाडावर वाढली यावर ते ठरतं. सौम्य झाडावर वाढलेलं फुलपाखरू केवळ आपल्या जहाल भाऊबंदांच्या दहशतीवर जगतं. पानातला फरक अळीत जातो, अळीतला फुलपाखरात आणि तिथून पक्ष्याच्या आठवणीत.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळा गावात राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या वाडीत फुलपाखरांसाठी खाद्यवनस्पती लावून बाग उभी केली आहे. तिथं किंवा येऊरच्या पायथ्याशी पावसाळा सरताना गेलात, तर खुळखुळ्याच्या सुकत चाललेल्या फांद्यांना लगडलेली फुलपाखरं दिसतील. ती मध प्यायला आलेली नसतात. खुळखुळ्यातली कडू अल्कलॉइडं शोषून घेऊन त्यांचे नर मादीसाठी गंध तयार करतात आणि स्वतःचं संरक्षणही. मोनार्कच्या या चुलत भावंडांना मराठीत 'कडवा' म्हणतात. मोनार्कच्या जवळचा बिबळ्या कडवा आपल्या रुईवर वाढतो. नाव ठेवणाऱ्यानं चवीवरून नाव ठेवलं आहे.

ऑस्ट्रेलियात बेन मूर आणि विल्यम फोली यांनी एका रानातल्या निलगिरीच्या प्रत्येक झाडाच्या पानांचं रसायन मोजलं आणि कोआला कुठल्या झाडावर किती वेळा जातात याची नोंद ठेवली. त्यांचं काम २००५ साली 'नेचर'मध्ये आलं. माणसाच्या डोळ्याला सलग हिरवं दिसणारं ते रान कोआलासाठी विखुरलेल्या ताटांचं निघालं: हे झाड खाण्याजोगं, ते नाही, पलीकडचं मोठं आहे पण कडू. येऊरच्या उतारावरचं रान आपल्यालाही सलगच दिसतं. तिथल्या वानरांना आणि अळ्यांना ते कसं दिसत असेल, याचा विचार करायला हा अभ्यास भाग पाडतो.

आता वाचकाला एक सावधगिरीची सूचना. दोन झाडांचा वास वेगळा आला की लगेच त्यांना वेगळे प्रकार म्हणायची घाई करू नये. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्याच संशोधकांनी देवगड, वेंगुर्ला आणि दापोली इथल्या हापूसची तुलना २०१२ साली प्रसिद्ध केली. हापूस कलमानं वाढतो, म्हणजे सगळी हापूसची झाडं मुळात एकाच झाडाचे विस्तार आहेत. तरीही या तीन ठिकाणच्या फळांतली गंधद्रव्यं कमी-जास्त निघाली. माती, हवा आणि पाणी यांचा वाटा इतका असू शकतो. पान कोवळं की जून, सकाळ की दुपार, झाडाला आधी अळीनं कुरतडलं आहे की नाही, यावरही रसायन बदलतं. वारशानं आलेला फरक ओळखायचा असेल तर दोन्ही रोपं एकाच मातीत, एकाच उन्हात वाढवून पाहावी लागतात. गॅलरीतल्या दोन कुंड्या ही या अर्थानं एक छोटी पण प्रामाणिक प्रयोगशाळा आहे.

दुसरी सूचना अधिक गंभीर आहे. वास घ्या, पण अनोळखी पाला आणि कडू फळ चाखू नका. दुधीत कडूपणा येतो तोही क्युकरबिटॅसिनमुळेच, आणि कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनीही कडू लागलेला रस लगेच टाकून द्यावा असंच सांगितलं आहे. एरवी गोड असणाऱ्या भाजीतही एखादं फळ वेगळं निघू शकतं, ही गोष्ट या विषयाचं गांभीर्य पटवून द्यायला पुरेशी आहे.

ज्यांना हे सगळं न शिकवता ठाऊक आहे, त्या आपल्याच स्टेशनबाहेर बसतात. मृगाचा पाऊस पडला की कल्याण, डोंबिवली आणि ठाण्याच्या बाजारात मुरबाड-शहापूरकडच्या आदिवासी बायका शेवळं घेऊन येतात, आणि शेवळांसोबत काकडं हवीतच, असं बजावतात. शेवळातल्या सुईसारख्या स्फटिकांनी घशाला खाज सुटते आणि काकडाचा आंबटपणा ती आवरतो. श्रावणात अळू घ्यायला गेलं की काळ्या देठाचं वडीचं, हिरवं भाजीचं आणि ओढ्याकाठचं रानअळू यांतलं कुठलं किती खाजेल, हे त्या देठ पाहून सांगतात. ही सारी अळवं एकाच जातीची. या बायकांनी सांगितलेल्या खुणा मी जमतील तेवढ्या या पुस्तकात नोंदवल्या आहेत. त्यांच्या ज्ञानाशिवाय हे पुस्तक केवळ परदेशी प्रयोगांची यादी झालं असतं. त्यांचे उपकार मी मनापासून मानतो.

हे पुस्तक आत्ताच लिहावंसं का वाटलं, तेही सांगायला हवं. आमच्या शहरांत पुनर्विकासाची लाट आहे. जुने बंगले, वाड्या आणि बैठ्या चाळी पडतात आणि त्यांच्याबरोबर अंगणातले आंबे, जांभळं आणि शेवगे जातात. नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा राज्याचा कायदा १९७५ सालचा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडांना वारसावृक्ष मानलं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी रोपं लावण्याची अट घातली. हे पाऊल चांगलंच आहे. पण साठ वर्षांच्या एका रायवळ आंब्याच्या बदल्यात एकाच रोपवाटिकेतून, एकाच मातृवृक्षाची साठ कलमं आली, तर हिशेब कागदावर पुरा होतो आणि झाडातलं जे होतं ते परत येत नाही. साठही झाडांचा चीक सारखा, वास सारखा, आणि एखादी कीड आली तर साठही एकदमच तिच्या तोंडी. वृक्षारोपणाच्या दिवशी आपण रोपं किती लावली ते विचारतो. ती किती वेगवेगळ्या झाडांच्या बियांपासून आली आहेत, हा प्रश्न तितक्याच आग्रहानं विचारला गेला पाहिजे.

आंब्याच्या बाबतीत हे करणं अवघड नाही. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच गर्भ असतो, आई आणि बाप अशा दोन झाडांच्या संकरातून तयार झालेला. त्यामुळे प्रत्येक कोय म्हणजे एक नवं झाड, नवी चव आणि नवा चीक. आवडत्या झाडाचा गुण जसाच्या तसा हवा असेल तर त्याचं कलम बांधावं, आणि विविधता हवी असेल तर त्याच्या कोयी पेराव्यात. जुनं झाड जाणारच असेल, तर जाण्यापूर्वी हे दोन्ही करता येतं.

या पुस्तकातली प्रकरणं तुळस, आंबा, काकडी-दुधी, अळू आणि रुई-खुळखुळा अशा ओळखीच्या वनस्पतींच्या नावानं लावली आहेत. रसायनांची नावं जिथं अपरिहार्य होती तिथंच आली आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं ती लक्षात ठेवावीत, इतरांनी पुढं वाचत गेलं तरी चालेल. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी घरी, अंगणात किंवा सोसायटीच्या बागेत करून पाहण्याजोगी निरीक्षणं दिली आहेत. त्यांना एक वही, एक भिंग आणि थोडा धीर एवढंच लागतं. शाळेतल्या मुलांनी ती केली तर मला सर्वांत जास्त आनंद होईल, कारण वासाची आठवण लहानपणी जितकी खोल रुजते तितकी पुढं रुजत नाही.

वाचकाकडे शेवटी एकच मागणं आहे. तुमच्या सोसायटीच्या किंवा आजोळच्या अंगणात कोयीपासून वाढलेला एखादा आंबा असेल, तर येत्या वैशाखात त्याचं फळ नीट चाखा, वास लिहून ठेवा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला कधी काही नाव ठेवलं होतं का ते विचारा. मग त्याच्या दहा-बारा कोयी धुऊन, सुकण्याआधीच मातीत लावा. आंब्याची कोय फार दिवस जिवंत राहत नाही.